दोन हजार वाव

त्या दिवशी हे समुद्र बघायला थांबले. बाजारातून परत येताना देवळाच्या अलीकडे जी लहानशी घाटी लागते तिच्या मध्यावर, हातातली पिशवी खाली ठेवून, कमरेवर हात देऊन. मी दोन पावलं मागे होते, मीही थांबले. समोर नेहमीचाच समुद्र होता, नेहमीचाच किल्ला, उन्हात पांढरा पडलेला. "काय बघतास?" मी विचारलं. "दर्या," हे म्हणाले, आणि त्या एका शब्दानंतर पुढचा शब्द आलाच नाही. चौतीस वर्षं मी यांची बायको आहे, पण हे समुद्र बघायला कधी थांबलेले मला आठवत नाहीत. कचेरीतला कारकून सुटीच्या दिवशी कचेरी बघायला जातो का? जाता जाता हे वारा हुंगत, पाण्याचा रंग डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपत, घरात बसल्या बसल्या ओहोटी कुठवर गेली ते सांगत; पण थांबून, माणूस देवाचं देऊळ बघतो तसं, कधी नाही. आणि मग ते माझ्या कानाला लागलं. ओल्या दोराला ताण पडला की तो करकरतो, तसा अगदी बारीक आवाज यांच्या छातीतून येत होता. मी पिशवी उचलली. "माझ्याकडे आसूंदे," मी म्हटलं, "हातात काय नसला तर माका चलाक बरां वाटणां नाय." हे हसले. आम्ही वर आलो. पण माझ्या आत काहीतरी तिथंच, घाटीच्या मध्यावर, उभं राहिलं ते राहिलंच.

कारण घरात तेव्हा केदारनाथाच्या वाटेची तयारी चालली होती. पौषात सावंतवाडीहून दाजी येऊन गेले होते. दाजी म्हणजे पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार. हिमालयात त्यांची बरीच वर्षं गेली, आणि आता दर वैशाखात वीस माणसं घेऊन ते केदार-बदरी करून आणत. वाट त्यांची, मुक्काम त्यांचे, हमाल त्यांच्या ओळखीचे. आपण फक्त चालायचं. मोटार जिथं थांबते तिथून पुढे चार-पाच दिवस नुसती चढण. "मी देवाक पोचवतंय," असं ते म्हणत, आणि मग बोट वर करून, "पण पायान." त्यांनी एक छापलेला कागद दिला होता. त्यावर लोकरीचे कपडे, कॅनव्हासचे बूट, कापूर, सुंठ, आणि प्रत्येक मुक्कामाच्या नावापुढे उंची. हे तो कागद दिव्याखाली धरून मोठ्यानं वाचत. 'समुद्रसपाटीपासून अकरा हजार सातशे पन्नास फूट.' वाचता वाचता एकदम थांबले आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघलंस गो! खंयसून मोजल्यानी? आमच्या दारापासना!" त्या दिवशी येईल त्याला हे तेच सांगत होते. सगळ्या जगाची उंची आमच्या उंबऱ्यापासून मोजतात, आणि आम्ही बसलोय शून्यावर, पाय पसरून. मग पाटीवर त्यांनी हिशोब मांडला. गलबतावर खोली मोजतात वावेनं. माणसानं दोन्ही हात पसरले की झाली ती एक वाव. केदार झाला जवळजवळ दोन हजार वाव. "येवडी दोरी खंयच्या गलबतार नाय," हे म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. "सगळो जलम ह्या पातळीर गेलो माझो. हातभर वर नाय, हातभर खाली नाय. एकदा वर जावन बघूक व्हया, आसा तरी काय थंय."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. यांनी आजवर देवाकडे काही मागितलेलं मला माहीत नव्हतं. मागायचं खातं माझ्याकडे होतं. लग्न झालं त्या वर्षी नारळी पुनव झाली आणि हे गलबत घेऊन गेले ते वैशाखाच्या शेवटाला परत आले. तेवढ्या महिन्यांत मी पहिला सोमवार धरला. दुसऱ्या वर्षी संकष्टी. कारवारजवळ कुणाचं तरी गलबत फुटल्याची बातमी आली त्या वर्षापासून सकाळचं मौन, तुळशीला पाणी घालीपर्यंत. मग एकशेआठ नावं, मग दिव्याला गोडंतेल, मग चातुर्मासात एकवेळ जेवण. लोक म्हणत, भिकाजी तांडेलाची बायको फार देवभोळी. मला कधी तसं वाटलं नाही. दर्यावर यांच्या हातात सुकाणू होतं, तर घरात माझ्या हातात काहीतरी असायला हवं होतं, एवढंच. हे परत येत तेव्हा अंगाला काथ्याचा, डांबराचा वास असे. दुपारी ओटीवर आडवे झाले की मी आत तांदूळ निवडता निवडता यांचा श्वास ऐके, भरतीच्या पाण्यासारखा, संथ, भरलेला. तो ऐकून झाला की पुढचे सगळे महिने मला पुरत. नंतर लाँची आल्या, ट्रक आले, गलबतावरचा माल कमी झाला, आणि एका वर्षी नारळी पुनवेनंतरही हे घरीच राहिले. आता यांना कुठून परत यायचं नव्हतं. तरी माझे नेम चालूच राहिले. का, ते मी स्वतःला विचारलं नाही. श्वास ऐकायचं मात्र मी विसरून गेले. रोज हाताशी असलेली वस्तू कोण मोजतं?

बूट मुंबईहून आमच्या लेकीनं, तुळसानं, पाठवले, तिच्या बापाचे काळे, माझे पांढरे. मी जन्मात पायात काही घातलं नव्हतं. पहिल्या दिवशी परसात दोन फेऱ्या मारल्या आणि मला रडूच आलं. जमीन कुठं आहे ते पायांना कळेना. वाळू कुठली, ओल कुठली, काजूचा पाचोळा कुठला, सगळं एकसारखं, मुकं. हे पायरीवर बसून हसत होते. "राणीसायब, जरा ह्या बाजून येवा!" मी रागानं बघितलं. पण आठ दिवसांत माझे पाय त्या बुटांना सरावले, आणि तेव्हा एक गोष्ट झाली, ती मी कुणाला सांगितली नाही. मला चालायला आवडू लागलं. तुळशीला पाणी घालून झालं की मी माडांच्या वाटेनं दूरवर जाई आणि परत येई, काहीच कारण नसताना. पन्नाशीला आलेली बाई, कारणाशिवाय चालणारी. आपण स्वतःहून कुठं जातोय ही भावना पायांतून वर चढत छातीपर्यंत येई आणि तिथं मला तिची लाज वाटे.

माघात दाजी सगळ्यांचा दम बघायला आले. मालवणातून आम्ही दोघं होतो, बाकीचे सावंतवाडीकडचे. पाठीवर गाठोडं घेऊन मालवणाहून धामापूरपर्यंत चालायचं, नऊ-दहा मैल, आणि मग तळ्यामागचा डोंगर चढायचा. सकाळी हे सगळ्यांच्या पुढे होते. सपाटीवर यांना कुणी मागे टाकावं असं नव्हतंच. भगवतीचं दर्शन झालं, तळ्याच्या पाण्यानं तोंड धुतलं, आणि चढण लागली. पहिल्या वळणावर तो आवाज आला. मी मुद्दाम दोन पावलं मागे राहत होते, त्यामुळे तो मला यांच्या आधी ऐकू आला असं आज वाटतं. यांची मान ताठ होती, हात झुलत होते, आणि मानेमागची शीर दोरीसारखी वर आली होती. पुढे दाजी काठी आपटत चालले होते. एका क्षणात हे थांबणार, आणि दाजी मागे वळून बघणार, आणि बाकीची सगळी माणसं बघणार. एक आंबा होता. मी त्याच्याखाली बसकण मारली. "अगे बाय, माझे पाय!" मी म्हटलं. हे लगेच माझ्याजवळ आले, बसले, माझा घोटा हातात घेतला. आम्ही दोघं तसेच बसलो. हे माझा न दुखणारा पाय चोळत होते आणि मी यांचा श्वास परत जागेवर येण्याची वाट बघत होते. मग उठलो. पुढच्या वळणावर मी परत बसले. त्याच्या पुढच्यालाही. खोटं न बोलणं हा काही माझा नेम नव्हता, ती नुसती सवय होती. आणि सवय इतक्या सहज सुटते हे बघून मी चकित झाले. डोंगर अर्धाही झाला नाही. दाजी परत खाली आले, आमच्यासमोर उभे राहिले, आणि पलटणीतल्या माणसाला साजेसं सरळ बोलले.

"तांडेलांनू, राग मानू नकात. तुमी येवा. सपाटीर चलताना बघलंय मी, तुमचो दम फस्क्लास आसा. पण वयनीक घराक ठेवा. ही वाट तेंका जमाची नाय. अर्ध्यार बसल्यो तर मी काय करू? डोंगराक काय सांगू, जरा थांब?"

कुणीतरी हसलं. यांनी मान वर केली. "तिचे पाय..." हे म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं. दाजींनी खिशातून यादी काढली आणि शिसपेन्सिलीनं माझ्या नावावर रेघ ओढली.

ती रेघ ओढताना झालेला आवाज मला कितीतरी दिवस ऐकू येत होता. पहिल्यांदा मला वाटलं, माझं खोटं उघडं पडेल या भीतीनं मी बेचैन आहे. तसं नव्हतं. मला वाईट वाटत होतं. मी जाणार नव्हते याचं वाईट वाटत होतं, आणि हे कळल्यावर मी देवासमोर बसले असताना जप विसरले. यांची छाती असा आवाज काढतेय, हे त्या दोन हजार वावांवर एकटे जाणार आहेत, तिथं यांच्याआधी बसायला कुणी नसणार, आणि मला आपल्या पायांचं वाईट वाटतंय! त्या दिवशी मी जप पुन्हा पहिल्यापासून केला. मग रोज ठरवी, आज सांगायचं. सकाळी मौन असे. मौन सुटलं की हे ओटीवर बसलेले असत, लोकरीची कानटोपी घालून, फाल्गुनाच्या उकाड्यात, घामानं डबडबलेले, आणि विचारत, "कसो दिसतंय?" "वानरासारखे," मी म्हणे, आणि आत जाई. चुलीपुढे वाक्य जुळवी. तुम्हाला चढण झेपायची नाही. तुमची छाती बरी नाही. प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक म्हातारा माणूस ओटीवर बसलेला दिसे, कानटोपी काढून बाजूला ठेवलेला. मला तो बघवत नव्हता. एकदा एवढंच म्हटलं, "डॉक्टराक दाखवूया काय एकदा?" "कित्याक? पाय तुझे दुखतत, डॉक्टर माका?" असं म्हणून हे हसले, पण त्या हसण्यात यांचे डोळे नव्हते.

आमच्याकडे लांबच्या वाटेला निघायचं तर आधी रवळनाथाचा कौल घेतात. लवू गुरव देवाच्या अंगावर ओलं फूल लावतो. उजवीकडे पडलं तर जा, डावीकडे पडलं तर नको. पण त्याआधी गाऱ्हाणं. लवू मोठ्यानं देवाला सगळं सांगतो आणि दर मागण्यानंतर जमलेल्यांनी म्हणायचं, व्हय म्हाराजा. घरातलं एक तोंड जरी मिटलेलं राहिलं तरी लवू फूल लावत नाही. त्याच्या बापाची रीत आहे. हे गलबत घेऊन निघत तेव्हा दरवर्षी मी खांबाजवळ उभी राहून ते म्हटलेलं आहे, कुणाला ऐकू न जाईल असं, पण लवूचा कान तिखट. होळीच्या आधीच्या सोमवारी आम्ही गेलो. देवळात गारवा होता, तेलाचा आणि वटवाघळांचा वास होता. हे देवासमोर धोतर सावरून उभे राहिले. दोन म्हातारे मानकरी भिंतीला टेकले होते. लवूनं हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुझो लेकरू केदारनाथाच्या वाटेक जावचो म्हणता. तेच्या वाटेत जा काय आडसार येयत ता दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मानकरी म्हणाले. हेही म्हणाले.

"आणि जसो जाता तसो तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

मी तोंड उघडलं. तीस-बत्तीस वेळा म्हटलेले दोन शब्द. ते जिभेवर होते, त्यांची चव कळत होती, पण मला एकदम दिसलं की आजवर मी ते ज्या देवाला म्हटले त्याला वारा, पाणी, खडक सगळं माहीत होतं; पण आज त्याला जे माहीत नाही ते फक्त मला माहीत आहे, आणि ते लपवून मी यांना परत आणण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकतेय. माझे दात एकमेकांवर बसले. देऊळ थांबलं. लवूनं फूल बोटात तसंच धरून मान वळवली.

"सुगंधावयनी?"

"माझे पाय दुखूक नव्हते," मी म्हटलं.

"मोठ्यान सांग गो," लवू म्हणाला. "देवाक आयकाक व्हया."

"देवाक आयकाक येता," मी म्हटलं. "ह्यांका आयकाक व्हया." आणि मग मी समोरच्या समईकडे बघत सगळं सांगितलं. धामापूरच्या आंब्याखाली मी का बसले. दुसऱ्या वळणावर का बसले. घाटीत हे समुद्र बघायला थांबले तेव्हा मी काय ऐकलं. माझा आवाज कधी मोठा होत नाही, तेव्हाही झाला नसावा, पण त्या दगडी गाभाऱ्यात तो मलाच परत ऐकू येत होता, दुसऱ्या कुणा बाईचा असावा तसा. लवूनं फूल हळूच परत तबकात ठेवलं. "आज कौल नको," तो म्हणाला. "देवान आयकल्यान." आणि मानकऱ्यांना घेऊन तो देवळाच्या मागच्या बाजूला निघून गेला, जसं काही तिथं एकदम खूप काम निघालं होतं.

हे बाहेर जाऊन पायरीवर बसले. मी एक पायरी खाली बसले. यांच्या तोंडाकडे बघायची माझी छाती झाली नाही. यांचे पाय मला दिसत होते, रुंद, बोटं फाकलेली, लाटेवर उभं राहून राहून तशी झालेली.

"माका म्हायत होतां," हे म्हणाले.

"काय?"

"पयल्यांदा आंब्याखाली बसलंस तेवाच. तुझे पाय खरेच दुखले तर तू बसणंस नाय. तू आणकी जोरान चलतंस आणि माका बोल लावतंस. येवडां तरी समाजता माका."

माझ्या अंगातून काहीतरी निथळून गेलं. "मगे दाजींका सांगलास नाय कित्याक? माझ्या नावार रेघ मारल्यानी तेवा?"

देवळापुढच्या वडावर कावळे होते. "माका जावचां होतां," हे शेवटी म्हणाले. "सांगलंय आसतंय तर माझो दम पण सांगूचो लागलो आसतो. आणि म्हटलां, हयसर पडवीत खोकत... तेच्यापरास थंय वर..." त्यांनी हात वर केला आणि तसाच खाली आणला.

"आणि माझां काय?"

हे शब्द मीच बोलले. चौतीस वर्षांत मी यांना हा प्रश्न विचारला नव्हता. गलबत निघताना नाही, सात महिने पत्र आलं नव्हतं तेव्हा नाही. तो इतका लहान, इतका उघडा होता की मला पदर ओढून घ्यावासा वाटला. पण तो आता बाहेर पडला होता, आणि त्याच्यामागोमाग बाकीचंही आलं. "तुमी परत येवचे म्हणान इतकी वर्सां मी देवाक सुखान बसाक दिलंय नाय. आणि तुमी परत येवचां नाय म्हणान जातास?"

हे माझ्याकडे बघत राहिले, आणि हसू लागले. हसता हसता खोकला आला, खोकला थांबेना, आणि मी भर दुपारी, देवळाच्या पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समोर यांच्या पाठीवर हात फिरवत राहिले. पाठ माझ्या आठवणीपेक्षा अरुंद झाली होती. श्वास जागेवर यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला. मी तो सगळा ऐकला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी छाती तपासली आणि चढण वर्ज्य सांगितली. घरी येऊन यांनी कानटोपी, बूट, छापलेला कागद एका पेटीत घातले, आणि मग कागद परत बाहेर काढला. पोस्टकार्ड घेऊन बसले. कचेरीतल्यासारखं शुद्ध लिहायचं म्हणजे यांना ओळ ओळ तोंडात घोळवावी लागते, त्यामुळे मला आतून ऐकू येत होतं. "श्री. दाजी यांस भिकाजीचा सप्रेम नमस्कार. माझे नाव कमी करावे. सौ. सुगंधाचे नाव पुन्हा घालावे. तिचे पाय उत्तम आहेत. धामापुरास आपण जे पाहिलेत ते खरे नव्हते. लबाडी माझी होती."

मी बाहेर आले. "लबाडी माझी होती."

"पत्र माझां आसा."

"मी एकटी जावचंय नाय."

"एकटी खंय? वीस माणसां आसत, वर दाजी. माझ्या गलबतार अकराच होते." मग कार्डावरची शाई वाळवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "सकाळी माडांच्या वाटेन खंय जातंस रोज, ता बघतंय मी. तुझी चाल बदलली गो. मी कोणाचीय चाल येवडी बघीत बसलंय नाय."

माझा चेहरा तापला. चोरी पकडली गेल्यावर तापतो तसा. नको म्हणायला मी शब्द शोधत होते आणि सापडत होते ते सगळे खोटे होते, आणि खोट्याचा मला आता कंटाळा आला होता. तुमचं जेवण कोण करील, मी म्हटलं. शेजारची करील, हे म्हणाले. औषध? घेईन. तुळशीला पाणी? त्यांनी दाजींचा छापलेला कागद उलटा केला, पाठीमागची कोरी बाजू गुडघ्यावर धरली आणि शिसपेन्सिल कानावरून काढली.

"सांग," हे म्हणाले. "तुझे काय काय आसत ते. लिवन घेतंय."

"कसले?"

"नेम. तू परत येयसर कोणी तरी करूक व्हये मां?"

मला हसू आलं. सकाळी तुळशीला पाणी घालीपर्यंत बोलायचं नाही, मी सांगितलं. "जमात," हे म्हणाले, "बोलूक आसा कोण!" मग एकशेआठ नावं. मग दिवा, त्यात गोडंतेलच, दुसरं नाही. सोमवार सांगताना मी मध्येच अडवलं, "उपास तुमी करूचो नाय. नुसतां दूध घेवा." हे मान घालून लिहीत होते, अक्षर मोठं, मुलासारखं. सांगता सांगता माझा आवाज मऊ पडत चालला होता. मी वर्षानुवर्षं एकटीनं केलेलं सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी हातानं कागदावर उतरत होतं आणि ते केवढं थोडं होतं! अर्धं पान भरलं नाही.

"झालां?" यांनी विचारलं.

"झालां."

"आणि मागूचां काय?" पेन्सिल वरच होती. "हात जोडल्यावर? तू मागतंस तां खरां काय तां सांग. माका येणां नाय."

मी यांच्याकडे बघितलं. त्यांना खरंच येत नव्हतं. समोर बसलेल्या माणसाला हे कसं सांगायचं ते मला कळेना. आजवर त्या वाक्यात एकच माणूस होता, आणि ते वाक्य उलटं करायची वेळ येईल असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

"परत हाड, म्हणाचां," मी म्हटलं.

"कोणाक?"

हे विचारत होते ते खरंच लिहून घेण्यासाठी, की मला बोलायला लावण्यासाठी, ते त्या पांढऱ्या भुवयांखालून कळेना. मी खाली बघितलं.

"माका," मी म्हटलं.

यांनी ते लिहिलं.